नववी-दहावीला आठवड्याचा एक तास द्या

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र,
पुणे

महोदय,



नव्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याप्रमाणे पहिलीपासून पुस्तकं बदलायला लागली आहेत. टप्प्याटप्प्याने नववी-दहावीचीही बदलतील. पुस्तकं एकदा छापून वर्गात आली की आम्ही कितीही बोललो तरी पुढची काही वर्षं त्यात फरक पडत नाही, म्हणून आत्ताच लिहिते आहे. सिंधुदुर्गातल्या माध्यमिक शाळेत मी इतिहास-नागरिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर शिरोड्यात राहते. मागणी एकच आहे. नववी आणि दहावीच्या वेळापत्रकात आठवड्याला एक तास असा ठेवा, ज्यात मुलं आपलं शरीर, आपलं मन, आपल्या आजूबाजूची माणसं आणि आपलं गाव समजून घेतील. त्या तासासाठी तयार केलेला शिक्षक द्या, आणि पोर्शन राहिला म्हणून गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकांना तो तास मागून घेता येणार नाही, असा लेखी बंदोबस्त करा.

हे सगळं पुस्तकांत आधीच आहे, असं आपल्याकडून उत्तर येईल. आहे, मला ते माहीत आहे. पण कुठे आहे आणि कधी येतं, ते पाहा. ग्रामपंचायत, ग्रामसभा, सरपंच, जिल्हा परिषद हा भाग मुलं सहावीत शिकतात, म्हणजे अकरा-बारा वर्षांची असताना. सातवीत संविधान, आठवीत संसद आणि न्यायव्यवस्था. नववीत पोहोचलं की राज्यशास्त्र देशाबाहेर जातं: महायुद्धानंतरच्या घडामोडी, परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रं. दहावीत पाच प्रकरणं आहेत, संविधानाच्या वाटचालीपासून लोकशाहीसमोरच्या आव्हानांपर्यंत. इतिहास-राज्यशास्त्राच्या चाळीस गुणांच्या पेपरात त्यांच्या वाट्याला १२ गुण येतात. संयुक्त राष्ट्रांशी माझं वैर नाही, मुलांना ती कळायलाच हवीत. पण पंधराव्या वर्षी, आपल्या वाडीत पाणी का येत नाही हा प्रश्न ज्या वयात पहिल्यांदा खरोखर टोचायला लागतो, तेव्हा ग्रामसभेचा धडा तीन वर्षं मागे पडलेला असतो. त्यातली 'सरपंचाची कामे लिहा' एवढी ओळच डोक्यात उरलेली असते.

आरोग्याचंही तसंच. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये 'सामाजिक आरोग्य' नावाचं स्वतंत्र प्रकरण आहे. व्यसन, मोबाइलचा अतिवापर, सायबर गुन्हे, ताणतणाव, सगळं त्यात आलं आहे. ज्यांनी ते पुस्तकात घातलं त्यांचे आभार मानायला हवेत. पण ते दहा प्रकरणांतलं नववं आहे. तिथपर्यंत पोहोचेस्तोवर पूर्वपरीक्षा डोक्यावर आलेली असते, बोर्डाच्या प्रश्नपत्रिकांचे संच सोडवून घ्यायचे असतात, आणि वर्गात 'हे सोपं आहे, घरी वाचून घ्या' असं सांगितलं जातं. त्याच पुस्तकातला मानवी प्रजननाचा भाग मात्र शिकवला जातो, कारण आकृतीला गुण असतात. मुलं आकृती काढतात, नावं देतात, आणि मनातला एकही प्रश्न न विचारता पान उलटतात. दहावीच्या निकालात कोकण विभाग सातत्याने राज्यात पहिला येतो, त्यात आमच्या जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. मला त्याचा अभिमान आहे. त्या पहिल्या येणाऱ्या मुलांच्याच वतीने हे पत्र आहे.

वर्गात मी एक प्रश्नपेटी ठेवत असे. बुटांचा खोका, झाकणाला चीर, वरून खाकी कागद. नाव लिहायचं नाही, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहिलं तरी चालेल. पहिले काही दिवस आत फक्त थट्टेच्या चिठ्ठ्या येत. त्याही मी गंभीरपणे वाचून उत्तर देई. मग हळूहळू खऱ्या चिठ्ठ्या यायला लागत, त्यातल्या बऱ्याच मालवणीत. एकीत होतं, "माका सारख्या रडाक येता. कित्याक ता कळणा नाय. आवशीक सांगू काय?" दुसरी एका मुलाची: "दादा गोव्याक कामाक आसा. सुट्टीक इलो काय दारू पिता आणि माका पण पी म्हणता. नको म्हटलंय तर बायल्या म्हणान हसता." आणखी एक चिठ्ठी शुद्ध पुस्तकी मराठीत होती. कुणीतरी इन्स्टाग्रामवर एक फोटो मागितला होता, मुलीने तो दिला होता, आणि आता दुसरा दे नाहीतर पहिला सगळ्यांना पाठवतो अशी धमकी येत होती. शेवटी लिहिलं होतं, "यात माझी चूक आहे ना?"

अशी चिठ्ठी हातात आली की शिक्षकाला काय करायचं ते माहीत असायला हवं. आम्हाला ते कुणी शिकवलं नव्हतं. डी.एड., बी.एड.मध्ये पाठ टाचण लिहायला शिकवलं, फळ्याचे भाग पाडायला शिकवलं. पण लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला सगळे पोक्सो म्हणतात, तो सांगतो की मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे. लपवलं तर तो गुन्हा. मग गुप्त चिठ्ठीचं काय? मुलांना गुप्ततेचं वचन द्यायचं आणि मग पोलिसांकडे जायचं, हा विश्वासघात होतो. याचं उत्तर आहे, आणि ते सोपं आहे: पेटी ठेवायच्या आधीच वर्गाला सांगायचं की तुमचं बोलणं मी कुणाला सांगणार नाही, पण कुणी तुम्हाला इजा करत असेल तर मला मदत आणावीच लागेल, आणि ती आणताना तुम्हाला विचारून, तुमच्यासोबत राहून आणीन. हे एक वाक्य प्रत्येक शिक्षकाला सेवेच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी शिकवायला हवं. इतकी वर्षं राज्यात शाळा चालतात आणि हे वाक्य शिक्षकांनी आपापल्या अंदाजाने शोधायचं, हे मला मान्य नाही.

फोटोच्या चिठ्ठीचं उत्तर मी सगळ्या वर्गाला दिलं, म्हणजे ती नेमकी कुणाची हा प्रश्नच उरला नाही. चूक धमकी देणाऱ्याची आहे. संदेश पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांगा. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १९३०. हा दुसरा आकडा शिरोड्याच्या मुलांना लक्षात ठेवायला सांगावा लागत नाही. १९३० च्या मे महिन्यात इथल्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला, हे त्यांनी आजोबांकडून आणि शाळेच्या कार्यक्रमांतून ऐकलेलं असतं. सतत रडू येतं त्या मुलीसाठीही क्रमांक आहे, टेलिमानसचा १४४१६. पण नुसते आकडे फळ्यावर लिहून भागत नाही. फोन लावल्यावर पलीकडचा माणूस काय विचारतो, आपण काय सांगायचं, नाव सांगावं लागतं का, हे वर्गात करून पाहावं लागतं. मुलं फोनला घाबरत नाहीत, पलीकडच्या अनोळखी मोठ्या माणसाला घाबरतात.

दारूच्या चिठ्ठीसाठी आम्ही दशावताराची वाट धरली. दशावतारी नटाला लिहून दिलेले संवाद नसतात. गोष्ट ठाऊक असते, बोलणं जागच्या जागी सुचतं. मुलांना ही रीत जत्रांमध्ये रात्र रात्र बसून मुरलेली आहे. दोघांना उभं केलं, एक गोव्याहून आलेला दादा, एक धाकटा भाऊ. दादाने पाजायचं, भावाने नाही म्हणायचं, आणि प्रत्येक वेळी वेगळं म्हणायचं. पहिल्यांदा सगळा वर्ग हसला. तिसऱ्या जोडीपर्यंत हसणं थांबलं. एका मुलाने भावाच्या भूमिकेत जे उत्तर दिलं त्यात राग नव्हता, उपदेश नव्हता, तो फक्त म्हणाला, "दादा, माका तुझ्यावांगडा जेवचा आसा, पिवचा नाय." ते वाक्य त्या वर्षी वर्गात चलनात आलं. इथून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर आहे, मोपाचा विमानतळ झाल्यापासून कामासाठी जाणं-येणं आणखी वाढलं आहे. दहावी-बारावी झालेला मुलगा पहिला पगार गोव्यात घेतो. त्याला नाही म्हणता यायला हवं, ही गोष्ट आमच्याकडे पुस्तकातली नाही.

आता आरोग्याचा आणि नागरिकत्वाचा तास एकच का हवा, ते सांगते. तंबाखूविषयी बोलताना कायदा निघाला. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री करता येत नाही, अठरा वर्षांखालच्यांना ती विकता येत नाही, आणि गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. १०० यार्ड म्हणजे किती, असं एका मुलीने विचारलं. साधारण ९१ मीटर. मग खेळाच्या खोलीतली मोजपट्टी काढली, शाळेच्या फाटकापासून रस्त्याने मोजत निघालो. एक मुलगा टोक धरून, एक फीत सोडत, एक वहीत आकडे लिहीत. पहिली टपरी साठ मीटरच्याही आत निघाली. आणि ती वर्गातल्याच एका मुलाच्या काकांची होती.

त्या दिवशी जेवढं नागरिकशास्त्र शिकवून झालं तेवढं मी एरवी वर्षभरात शिकवू शकले नव्हते. तक्रार करायची तर मित्राच्या काकांचं पोट. न करायची तर कायदा फक्त पुस्तकातच राहणार. काही मुलांनी म्हटलं, सरळ अर्ज देऊ. तो मुलगा गप्प. शेवटी ठरलं की आधी काकांशी बोलायचं, आणि मग ग्रामपंचायतीला अर्ज द्यायचा, पण अर्जात कुणाचं नाव घालायचं नाही. शाळेभोवतालचं अंतर मोजून हद्दीची पाटी लावा एवढीच मागणी. काकांनी पहिल्यांदा झिडकारलं. नंतर पुड्यांच्या माळा उतरवल्या आणि गणवेशातल्या मुलांना देणं बंद केलं. कायद्याला एवढं पुरत नाही, हे मुलांनीच मला ऐकवलं, आणि ते बरोबर होतं. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला: प्रति, विषय, महोदय, खाली सह्या. ग्रामपंचायतीत दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला. ती पोच वर्गात हातोहात फिरली. आपण लिहिलेल्या कागदावर सरकारी शिक्का बसतो, तारीख पडते, आणि आता उत्तर द्यायची जबाबदारी समोरच्याची असते, हे त्यांना तेव्हा कळलं. पाटी पुढे कित्येक महिन्यांनी लागली. दर पंधरवड्याला एक मुलगी जाऊन त्या आवक क्रमांकाचं काय झालं असं विचारून येत होती.

याच्यासाठी मुलांना मतदानाचं वय यायची गरज नाही. ग्रामसभेत मत मांडायचा हक्क मतदारालाच असतो, पण ऐकायला बसता येतं. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवशी गावोगाव ग्रामसभा ठेवण्याची प्रथा आहे, त्यातल्या दोन दिवशी तर मुलं झेंड्यासाठी शाळेत येतातच. झेंडावंदन करून, जिलेबी खाऊन ती घरी जातात, आणि तिकडे गावाच्या वर्षाच्या पैशाचा हिशेब मांडला जातो. पंचायतींच्या शाश्वत विकासाच्या नऊ संकल्पनांपैकी एक 'बालस्नेही गाव' आहे. गावाच्या विकास आराखड्यात मुलांच्या गरजा याव्यात असं सरकार स्वतः म्हणतं. मग नववीच्या वर्गाने तो आराखडा मागवून वाचावा, त्यात शाळेजवळच्या गटारासाठी, मुलींच्या स्वच्छतागृहासाठी, ग्रंथालयासाठी किती ठेवलंय ते शोधावं, हा गृहपाठ का असू नये? महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. आमच्या वर्गातल्या किती मुलींनी महिला सदस्याला सभेत बोलताना प्रत्यक्ष ऐकलंय?

वादाचे विषय वर्गात नकोत, अशी एक भीती आहे. मला ती पटत नाही. वेळागरच्या पर्यटन प्रकल्पाच्या जमिनीचा प्रश्न इथल्या नववीच्या मुलांच्या जन्माआधीपासून चालला आहे. घरात, देवळाच्या पायरीवर, एसटीत, सगळीकडे त्यावर बोललं जातं. मुलं ते ऐकतातच. वर्गात फक्त सातबारा कसा वाचायचा, भूसंपादन म्हणजे काय, करार कुठे पाहायला मिळतो आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं काय आहे एवढं शिकवलं, तर ती पुढे कुठल्याही बाजूला उभी राहिली तरी कागद वाचून उभी राहतील. शिक्षकाने आपलं मत सांगू नये, एवढा नियम पुरेसा आहे.

दुसरी भीती पालकांची, आणि ती जास्त जुनी आहे. १९२७ मध्ये र. धों. कर्व्यांनी लैंगिक आरोग्यावर बोलणारं 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, त्यांच्यावर खटले भरले गेले, १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांच्या बाजूने खटला लढवला. २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण महाराष्ट्राने थांबवलं, तेव्हाही विधिमंडळात संस्कृतीचीच भाषा होती. मी पालकांना दोष देत नाही. शाळेत काय सांगणार, कोण सांगणार, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. एका पालकसभेत मी पहिल्या चार तासांचं सगळं साहित्य टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, वाचा, मग बोलू. वडील वाचत बसले. दोन आया माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, आमका पण सांगा हो कधीतरी." त्यांना त्यांच्या आईने काही सांगितलं नव्हतं, पाळी आली त्या दिवशी चार दिवस बाहेर बसायला सांगितलं, तेवढंच. शिरोड्यात उपजिल्हा रुग्णालय आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून चालू आहे, दहा ते एकोणीस वयाच्या मुलांना सल्ला मिळावा म्हणून. डॉक्टर, परिचारिका, आशाताई महिन्यातून एकदा त्या तासाला आल्या आणि एकदा मुलं तिकडे गेली, तर दवाखान्याचं दार मुलांना ओळखीचं होईल.

योजना नाहीत असं नाही. २०२० मध्ये आयुष्मान भारत अंतर्गत शालेय आरोग्याचा कार्यक्रम सुरू झाला; प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, अकरा विषय, आठवड्याला एक सत्र. आखणी उत्तम आहे. २०२२ मध्ये शाळांतल्या मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या ठरल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली अत्याचाराची घटना झाल्यावर त्यांची सगळ्यांना आठवण झाली. फलकावर समितीची नावं लागली. पण नववीतल्या मुलीला विचारा, यातल्या कुणाला तू ओळखतेस? तिला काही सांगायचं असलं तर ती कुठल्या तासाला, कुणाच्या समोर तोंड उघडणार? वेळापत्रकात जागा नसलेली योजना शाळेत जगत नाही. ज्या शिक्षकाकडे मतदारयादीचं काम आहे, ऑनलाइन माहिती भरायचं काम आहे, दोन तुकड्या जास्तीच्या आहेत, त्याच्या गळ्यात आणखी एक बिल्ला घातला म्हणून तो तास उभा राहत नाही.

म्हणून मागणी पुन्हा एकदा सविस्तर. ग्रामीण आणि शहरी स्थानिक शासन सहावीत राहू दे, पण नववीत ते पुन्हा, मोठ्या मुलांच्या प्रश्नांसकट आणा. 'सामाजिक आरोग्य' दहावीच्या शेवटून काढून नववीच्या सुरुवातीला घाला. त्या तासाला गुण देऊ नका. गुण आले की चिठ्ठ्या खोट्या होतात. पण शाळा तपासणीत मात्र तो तास झाला की नाही हे विचारा, वही पाहा, दोन मुलांशी बोला. शिक्षकांचं प्रशिक्षण एका दिवसात पडद्यावर दाखवून उरकू नका. पोक्सोच्या बाबतीत तर मुळीच नाही. आणि साहित्य मालवणीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, गोंडीत ऐकायला मिळू दे, कारण जे प्रश्न सर्वांत जवळचे असतात ते मुलं घरच्या बोलीत विचारतात.

१९२० ते १९३८ या काळात वि. स. खांडेकर शिरोड्यात शाळामास्तर होते. मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी ते इथेच शिकवत होते. त्या काळच्या विद्यार्थ्यांना शाळेचं पुस्तक आणि गावात घडणारी गोष्ट यांत भिंत दिसली नसेल असं मला वाटतं.

शेवटची विनंती. नववीच्या पुस्तकांचा मसुदा तयार झाला की हरकती आणि सूचना मागवा. ते आवाहन संकेतस्थळावर टाकून थांबू नका, शाळांच्या फलकावर लावायला सांगा, आणि नववी-दहावीच्या मुलांकडूनही सूचना घ्या. शिरोड्याची मुलं अर्ज लिहायला शिकली आहेत. त्यांचे अर्ज येतील. त्यांना आवक क्रमांक द्या, आणि उत्तरं पाठवा.

कळावे,
आपली,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षिका
शिरोडा, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग